मोरांदीच्या बाटल्या बघायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी याची मोठी प्रदर्शनं जगात अधूनमधून भरत असतात. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलं, तेच २००९ मध्ये त्याच्या गावी, बोलोन्याला गेलं. मिलानच्या पालाझ्झो रेआलेत ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असं चार महिने होतं. दर वेळी तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला गेलेल्या ओळखीच्यांपैकी कुणीतरी विचारतंच, ‘नुसत्या बाटल्या आहेत म्हणे, जाऊ का?’ मग पुढचे प्रश्न येतात, आणि ते बहुतेक ठरलेले असतात. एकदाच लिहून ठेवते.

हा मोरांदी कोण?

जन्म २० जुलै १८९०, बोलोन्या. मृत्यू १८ जून १९६४, बोलोन्या. लग्न केलं नाही. १९१० पासून व्हिया फोंदात्सा नावाच्या रस्त्यावरच्या घरात आई आणि आन्ना, दीना, मारिया तेरेझा या तीन बहिणींबरोबर राहिला. झोपायची खोली आणि स्टुडिओ एकच. तैलरंगातली सुमारे १,३५० चित्रं केली. त्यांतली बहुतेक बाटल्या, बरण्या, डबे, सुरया यांची. बाकीची फुलं आणि निसर्गचित्रं. माणसं अगदी मोजकी, तीही सुरुवातीच्या काळातली.

‘सिंहावलोकनी प्रदर्शन’ म्हणजे नक्की काय?

चित्रकाराचं आयुष्यभराचं काम एका छताखाली, बहुधा कालक्रमाने. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ हा इंग्रजी शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मला आपला शब्द जास्त आवडतो. सिंह चालता चालता थांबतो, मान वळवून आलेली वाट बघतो, ते सिंहावलोकन.

अशा प्रदर्शनाचा नेहमीचा आनंद बदलाचा असतो. पिकासोचं असेल तर निळा काळ संपून गुलाबी सुरू झाला, मग चौकोन-त्रिकोण आले, असं दालनागणिक कळत जातं. मोरांदीच्या बाबतीत तिसऱ्या दालनानंतर प्रेक्षक मागे वळून बघतो ते ‘आपण याच खोलीतून मघाशी गेलो का?’ या शंकेने.

तरीसुद्धा माझं ठाम मत आहे की असं प्रदर्शन ज्याला सगळ्यांत जास्त मानवतं असा हाच चित्रकार. कारण त्याने एका मांडणीवर तीन-चार चित्रं केली की ती वेगवेगळ्या घरी जायची. एक मिलानच्या वकिलाकडे, एक फ्लॉरेन्सच्या प्राध्यापकाकडे, एक समुद्रापार. एकाच आईची लेकरं दत्तक दिल्यासारखी. ज्याच्या घरी एकच चित्र होतं त्याच्यासाठी ते ‘छान, शांत चित्र’. पण १९५२ मध्ये पिवळ्या कापडाची मांडणी त्याने पुन्हा पुन्हा रंगवली, त्यांतली दोन-तीन भावंडं संग्रहालय शेजारी शेजारी टांगतं, तेव्हा कुठे कळतं की एका चित्रात डबा बोटभर डावीकडे सरकलाय आणि त्यामुळे सगळ्या चित्राचा तोल बदललाय. मोरांदीचं खरं काम या दोन चित्रांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा घरच्या भिंतीवर नसते.

अहो, पण हे तर आमच्या इंटरमिजिएटच्या पेपरसारखं दिसतं!

हा प्रश्न फक्त मराठी माणूस विचारू शकतो, आणि चांगला प्रश्न आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. टेबलावर एखादी बाटली, तांब्या, दोन फळं, मागे घड्या पडलेलं कापड, आणि ‘वेळ संपत आला’ अशी सूचना. आपल्यापैकी कितीतरी जणांची चित्रकलेशी शेवटची गाठ तिथेच पडलेली असते.

आता आठवा, मार्क कशाला मिळायचे. बाटलीच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती नीट आली पाहिजे. काचेवर चमक दिसली पाहिजे, म्हणजे पांढऱ्या रंगाचा तो एक ठिपका. पितळ पितळासारखं, काच काचेसारखी.

मोरांदी नेमकं हेच सगळं काढून टाकतो. त्याने काचेच्या बाटल्यांना रंग फासून ठेवले होते, काहींच्या आतून, काहींच्या बाहेरून. मग त्या ना पारदर्शक राहिल्या, ना चमकदार. डब्यांवरची अक्षरं रंगाने झाकली. घड्याळाची तबकडीसुद्धा रंगवून टाकली; घड्याळ उरलं, वेळ गेली. काच, पत्रा, चिनीमाती यांतला फरक संपला की वस्तू काय आहे हे बघायचं काही राहत नाही. उरतो आकार, त्याच्यावरचा उजेड आणि शेजारच्या आकारापासूनचं अंतर. त्यातही कडा थरथरत्या. लंबवर्तुळं जरा कललेली. परीक्षकाने बहुतेक बी ग्रेड दिली असती.

सगळी चित्रं सारखीच वाटतात. फरक कुठे बघू?

पहिल्यांदा गेले तेव्हा मी वीस मिनिटांत बाहेर पडले होते, हे आधी कबूल करते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा गुडघा दुखत होता म्हणून मधल्या बाकावर बसले आणि समोर जे चित्र होतं तेच नाइलाजाने बघत राहिले. जे काही शिकले ते त्या गुडघ्यामुळे.

कडांपासून सुरुवात करा. चित्रकलेचे शिक्षक सांगतात की दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकवू नका. एकतर एक वस्तू दुसरीच्या पुढे आणा, नाहीतर मधे फट ठेवा. मोरांदी मुद्दाम टेकवतो. पुढच्या डब्याची वरची कड बरोबर मागच्या टेबलाच्या रेषेवर आणून ठेवतो. बाटलीची उजवी बाजू आणि सुरईची डावी बाजू एकच रेषा वाटून घेतात. मग ही रेषा कुणाची? मिनिटभर बघितलं तर ती कधी हिची होते, कधी तिची. चित्र हलायला लागतं. ‘स्थिरचित्र’ हा शब्द तिथे जरा अपुरा पडतो. इटालियनमध्ये तर या प्रकाराला ‘नातुरा मोर्ता’, म्हणजे मृत निसर्ग म्हणतात. तो शब्द त्याहून अपुरा.

मग सावल्या बघा. काही चित्रांत सावली वस्तूपेक्षा जड आहे. दोन बाटल्यांमधली काळपट फट हीच तिसरी बाटली असल्यासारखी उभी असते.

पांढरे मोजा. मोरांदीचा ‘पांढरा’ एक नसतो. दुधाची साय, चुना, जुनं हाड, धुतलेलं धोतर. एकाच चित्रात चार-पाच सापडतील. डोळ्यांना त्यांची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, उन्हातून माजघरात आल्यावर लागतो तसा.

आणि शेवटी टेबलाची कड. कधी टेबल दिसतं, कधी त्याची नुसती एक आडवी रेषा, आणि शेवटच्या वर्षांत तीही जवळपास नाही. वस्तू कशावर उभ्या आहेत हे तेव्हा आपणच ठरवायचं असतं.

म्हणजे एकच राग आयुष्यभर आळवल्यासारखं?

ही उपमा सगळ्यांना सुचते. मलाही सुचली होती आणि मी ती बरीच वर्षं वापरली. आता तेवढी पटत नाही. रागाच्या मैफलीत श्रोता बढत ऐकत असतो. आलापीतून द्रुतपर्यंत गाणं कुठेतरी चाललेलं असतं आणि समोरच्याची दाद गाणाऱ्याला मिळत असते. मोरांदीच्या खोलीत दाद द्यायला कुणी नव्हतं आणि चित्र कुठे ‘चढत’ही नाही. मला त्यापेक्षा रोज उंबऱ्याबाहेर रांगोळी काढणारी बाई आठवते. ठिपके तेच, आजची रांगोळी कालची नव्हे, आणि त्याबद्दल तिला कुणाला काही सांगायचंही नसतं.

त्या वस्तू खऱ्या होत्या? आणि धुळीची गोष्ट खरी का?

दोन्ही खरं. बाजारातून, जुन्या सामानातून आणलेल्या साध्याच वस्तू होत्या. तेलाचे दिवे, कॉफीची किटली, फुलदाण्या, वाडगे, पत्र्याचे डबे. किमती असं काही नाही. त्यांच्यावर धूळ साचू द्यायची ही त्याची पद्धत होती, आणि घरी येऊन गेलेल्या लोकांनी त्या मऊ राखाडी थराबद्दल लिहून ठेवलंय. धूळ चमक मारते, कडा मऊ करते. (घरात तीन बहिणी आणि एका खोलीत वर्षानुवर्षं न पुसलेल्या बाटल्या! आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत ही कला टिकली नसती.)

मांडणी त्याला दिवसेंदिवस पुरायची. वेगवेगळ्या उंचीची टेबलं होती, त्यामुळे वस्तू डोळ्यांच्या रेषेत घ्यायच्या की वरून बघायच्या हे ठरवता यायचं. खिडकीतला उजेड कापडाच्या पडद्यातून गाळून घ्यायचा. टेबलावर कागद अंथरलेला असायचा आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलीने खूण केलेली असायची. त्या खुणांचे कागद शिल्लक आहेत. एकावर एक वर्तुळं आणि चौकोन यांची इतकी गर्दी की एखाद्या शहराचा नकाशा वाटावा. ब्रिटिश चित्रकर्ती टॅसिटा डीनने २००९ मध्ये त्या घरात जाऊन या खुणांचंच चित्रीकरण केलं. प्रदर्शनात असं काही दिसलं तर थांबा. हातात ब्रश घ्यायच्या आधीचा मोरांदी तिथे सापडतो. मांडणी मनासारखी झाली की प्रत्यक्ष रंगवणं मात्र बरेचदा एक-दोन बैठकींत उरकायचं.

वस्तूंबद्दलचा माझा आवडता किस्सा लुइजी मान्यानीचा आहे. हा पार्माजवळचा श्रीमंत संगीत-अभ्यासक. त्याने मोरांदीला सांगितलं की माझ्या संग्रहातली जुनी, मौल्यवान वाद्यं घेऊन एक चित्र करा. मोरांदी ‘नाही’ म्हणाला नाही. पण १९४१ मध्ये चित्र हाती आलं तेव्हा त्यात मान्यानीची वाद्यं नव्हतीच. बाजारात मिळालेली स्वस्तातली गिटार, मँडोलिन आणि मुलांची खेळण्यातली पिपाणी होती. मान्यानी समजायचं ते समजला. पुन्हा विषय सुचवला नाही, आणि मोरांदीची चित्रं मात्र घेत राहिला. संग्रहात ५० कामं जमली. ती आज मामियानो इथे त्याच्याच वाड्यातल्या संग्रहालयात आहेत. मोठ्या प्रदर्शनांना तिथली चित्रं हमखास जातात, तेव्हा ती पिपाणी भेटण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे.

चित्रांना नावं का नाहीत?

आहेत की. ‘स्थिरचित्र’, ‘निसर्गचित्र’, ‘फुलं’. एवढीच. नावाच्या पाटीकडे फार बघू नका, साल तेवढं बघा.

पहिल्या दालनात भलतंच काहीतरी आहे. चुकीच्या प्रदर्शनात शिरलो का?

नाही, बरोबर आलात. १९२० पर्यंतचा मोरांदी इतरांसारखाच चाचपडणारा तरुण होता. १९०७ ते १९१३ बोलोन्याच्या कला अकादमीत शिकला. सेझान या फ्रेंच चित्रकाराने तो झपाटला, पण सेझानची चित्रं आधी भेटली ती पुस्तकातल्या कृष्णधवल छपाईत. आपल्यापैकी ज्यांनी युरोपची चित्रकला वाचनालयातल्या पुस्तकांत बघितली, त्यांना हे ऐकून बरं वाटेल. रंगांचा एवढा मोठा माणूस, आणि त्याचा पहिला गुरू त्याला काळ्यापांढऱ्यात भेटला.

१९१४ मध्ये तो भविष्यवाद्यांच्या प्रदर्शनांत सामील झाला; वेगाची, यंत्रांची पूजा करणाऱ्या त्या मंडळींत मोरांदी म्हणजे ढोलपथकात बसलेला तंबोरेवाला. १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला, काही आठवड्यांतच आजारी पडला आणि घरी परत आला. १९१८-१९ च्या सुमारास जॉर्जो दे किरिको आणि कार्लो कार्रा यांच्या ‘मेटाफिजिकल’ चित्रांच्या वाटेने गेला. पुतळ्याचं डोकं, लाकडी चौकट, चेंडू, आणि सुरीने कापल्यासारख्या कडक सावल्या. अशी चित्रं जेमतेम डझनभर आहेत, त्यातलं एखादं मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातून आलेलं असतं.

या दालनात घाई करू नका. पुढे जे थरथरतं आहे ते हात कच्चा असल्यामुळे नाही, याचा पुरावा इथे आहे. या माणसाला सरळ रेषा उत्तम काढता येत होती.

तो संन्यासी होता ना? जगापासून दूर, बाटल्यांशी बोलणारा?

ही दंतकथा भिंतीवरच्या मजकुरात हमखास असते. अर्धीच खरी आहे.

हा ‘संन्यासी’ १९१४ पासून पंधरा वर्षं प्राथमिक शाळांमध्ये चित्रकला शिकवत होता. १९३० ते १९५६ बोलोन्याच्या अकादमीत एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र काढून ते छापण्याच्या कलेचा, प्राध्यापक होता. म्हणजे चार दशकं वर्ग, हजेरी, परीक्षा. १९३९ मध्ये रोमच्या चौवार्षिक प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन आणि दुसरं पारितोषिक मिळालं. १९४८ मध्ये व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) पारितोषिक, १९५७ मध्ये साओ पावलोच्या बिएनालेत चित्रकलेचं सर्वोच्च. घरी समीक्षक, संग्राहक, परदेशी पाहुणे यायचे. पत्रव्यवहार चोख.

इटलीबाहेर मात्र तो पहिल्यांदा गेला १९५६ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला त्याचं प्रदर्शन होतं. पॅरिस त्याने कधी पाहिलं नाही. पण इटलीत राहूनच जोत्तो आणि पिएरो देल्ला फ्रान्चेस्का यांच्यासारखे जुने थोर चित्रकार बघता येत असतील, तर कूपमंडूक कसं म्हणायचं?

मुसोलिनीच्या, फॅसिस्टांच्या काळात तो काय करत होता?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, जास्त लोकांनी विचारायला हवा. ‘बाटल्या रंगवत होता’ हे उत्तर पुरेसं नाही.

१९२० च्या दशकात मोरांदीची ऊठबस ‘स्त्रापाएसे’ म्हणवणाऱ्या लेखक-चित्रकारांत होती. मीनो माक्कारी, लेओ लोंगानेझी ही त्यातली मंडळी. खेडं, माती, साधेपणा, आपलं ते खरं, शहरी परदेशी थाट खोटा, असा त्यांचा सूर. त्यांची नियतकालिकं फॅसिझमच्या बाजूची होती आणि त्यांत मोरांदीची एचिंग्ज छापून येत. साध्या घरगुती बाटल्या त्यांना ‘अस्सल इटालियन’ वाटल्या, यात नवल नाही. १९२८ मध्ये बोलोन्याच्या फॅसिस्ट पत्रात त्याने आत्मचरित्रपर टिपण लिहिलं आणि त्यात या राजवटीवर सुरुवातीपासून विश्वास असल्याचं म्हटलं. १९३० ची प्राध्यापकी त्याला स्पर्धा न घेता, लौकिकाच्या जोरावर देण्यात आली.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी मित्रांशी संबंध असल्यावरून त्याला अटक झाली आणि काही दिवस तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर तो डोंगरातल्या ग्रित्झाना गावी गेला. त्या वर्षी त्याने शिंपले रंगवले. बाटल्यांच्या मानाने ही चित्रं अंधारी आणि गूढ. टेबलावर दोन-तीन शिंपले, आत काहीतरी मिटून बसल्यासारखे. युद्धाचं चित्र म्हणून त्यांच्याकडे बघायचं का? मी बघते, पण तो तसं कधी म्हणाला नाही, त्यामुळे तुम्हाला आग्रह नाही.

या सगळ्यातून तो नायक ठरत नाही, खलनायकही नाही. १९२८ चं टिपण आणि १९४३ ची अटक ही एकाच माणसाची पंधरा वर्षं आहेत, एवढंच. प्रदर्शनाच्या भिंतीवर यांपैकी एकच गोष्ट लिहिलेली असेल तर दुसरी तुम्ही आठवा.

एचिंगच्या दालनात काय बघायचं? सगळं काळंपांढरं आहे.

एचिंग म्हणजे तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेषा काढायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या रेषा आम्ल खातं, त्या खोबणीत शाई भरून कागदावर दाबायची. मोरांदीने आयुष्यभरात सुमारे १३० केली. हे तंत्र तो जुन्या पुस्तकांतून आणि जुना डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या कामाकडे बघून मुख्यतः स्वतःच शिकला.

त्यात नुसत्या रेषा आहेत. आडव्या, उभ्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. बाटलीला बाह्यरेषा बरेचदा नसतेच. एका दाटीची जाळी जिथे संपते आणि दुसऱ्या दाटीची सुरू होते तिथे आपल्याला बाटली ‘दिसते’. विणकाम करणाऱ्याला हे चित्रकारापेक्षा लवकर कळेल. वाकून बघा, रक्षक रागावणार नाही इतक्या अंतरावरून.

जलरंगांच्या खोलीत इतका अंधार का?

कागद आणि जलरंग उजेडाने विटतात. म्हणून अशा खोल्यांत उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवायची संग्रहालयांची रीत आहे. घरातल्या दिव्यापेक्षा पुष्कळ कमी. आत शिरल्यावर लगेच बघू नका, दोन मिनिटं थांबा.

आणि ही खोली चुकवू नका. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे त्याचे जलरंग म्हणजे कमीत कमीचा कळस. दोन फिके डाग आणि मधली कोऱ्या कागदाची जागा. बाटली रंगवलेली नाही, बाटलीभोवतीची सावली रंगवली आहे. मधला कोरा कागद म्हणजेच बाटली. १९५७ च्या एका रेडिओ मुलाखतीत त्याने अशा अर्थाचं म्हटलं होतं की प्रत्यक्ष दिसणाऱ्या जगाइतकं अमूर्त दुसरं काही नाही. वाचताना हे वाक्य जरा भारी वाटतं. त्या खोलीत उभं राहिलं की अगदी व्यवहारी वाटतं.

फुलं आणि निसर्गचित्रं? ती दुय्यम आहेत का?

फुलांची चित्रं तो बरेचदा मित्रांना भेट द्यायचा. फुलंही पुष्कळदा कापडाची किंवा वाळलेली, म्हणजे न हलणारी. छोटी चित्रं आहेत, मला गोड वाटतात, त्याहून जास्त काही म्हणवत नाही. निसर्गचित्रं मात्र वेगळी. कधी ग्रित्झानाचे डोंगर, कधी घराच्या खिडकीतून दिसणारं मागचं अंगण. दूरची घरं तो कधी कधी दुर्बिणीतून बघून रंगवायचा, म्हणून ती डब्यांसारखी सपाट आणि जवळ आलेली दिसतात. खिडक्याही नसतात. बाटल्यांचं गाव आणि घरांचं टेबल, यांत त्याला फारसा फरक वाटत नसावा.

असं मोठं प्रदर्शन त्याला स्वतःला आवडलं असतं?

काय टांगायचं आणि काय लिहायचं हे त्याच्या हातात असतं तर आवडलं असतं. आपली प्रतिमा तो बारकाईने सांभाळायचा. फ्रांचेस्को आर्कांजेली हा बोलोन्याचा तरुण समीक्षक, मोरांदीवर मनापासून प्रेम करणारा. त्याने मोठा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यात मोरांदीला त्या वेळच्या नव्या, रंगांचे ओघळ आणि खरबरीत पोत मिरवणाऱ्या चित्रकारांशी जोडलं. मोरांदीने मजकूर वाचला आणि साफ नाकारला. जवळचं नातं त्यात कायमचं बिघडलं. पुस्तक शेवटी १९६४ मध्ये आलं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी. ‘शांत बाटल्यांचा शांत माणूस’ हे वाक्य कुणी ऐकवलं की मला आर्कांजेली आठवतो.

त्या वर्षाबद्दल आणखी एक. १८ जूनला मोरांदी गेला आणि २० जूनला व्हेनिस बिएनाले उघडलं, ज्यात अमेरिकेच्या रॉबर्ट राउशेनबर्गने पारितोषिक पटकावलं आणि पॉप आर्टने, म्हणजे जाहिराती, छापील चित्रं, रोजच्या बाजारी वस्तू यांतून उभ्या राहिलेल्या नव्या कलेने, युरोपचा उंबरा ओलांडला. मधे फक्त दोन दिवस.

किती वेळ ठेवायचा? मुलांना न्यायचं का?

दीड तास. शंभर चित्रं सारख्या लक्षाने बघू नका. एकदा भरभर शेवटपर्यंत चालून या, मग उलटे फिरा आणि चार-पाच चित्रांपाशीच थांबा. चित्रं लहान असतात, साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून गर्दीच्या दिवशी खांद्यांपलीकडे काही दिसत नाही. सकाळी उघडताच जा. ऑडिओ गाइड या एका चित्रकारासाठी घेऊ नका. कानात कुणी बोलत असताना पांढरे मोजता येत नाहीत.

मुलांना जरूर न्या. ‘या दोन चित्रांत काय सरकलंय?’ हा खेळ ती मोठ्यांपेक्षा चांगला खेळतात.

मोबाइलवर बघितलं तर चालणार नाही का?

ओळख होईल. पण पडदा मागून उजळलेला असतो आणि मोरांदीचे रंग मागून उजळायचे नाहीत. त्याचा राखाडी तिथे एकतर निळसर दिसतो किंवा गुलाबी. तरी सेझान त्याला छपाईच्या शाईत भेटला होता हे लक्षात घेता, मी फार ताणून धरणार नाही.

बघितलं, आणि नाहीच आवडलं तर?

तर नाही आवडलं. संग्रहालयाच्या कॅन्टीनमध्ये कॉफी प्या, आणि पिताना कप, साखरेची डबी आणि पाण्याचा ग्लास यांच्यामधल्या फटी सहज एकदा बघा.

सध्या कुठे प्रदर्शन नसेल, तरी बघायचंय. कुठे जाऊ?

बोलोन्याला. मोरांदीचं स्वतंत्र संग्रहालय १९९३ मध्ये मुख्य चौकातल्या पालाझ्झो दाक्कुर्झिओत सुरू झालं, त्याची बहीण मारिया तेरेझा हिच्या देणगीमुळे. २०१२ पासून ती चित्रं शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात, ‘माम्बो’त, मांडलेली आहेत. माम्बोची इमारत पूर्वी नगरपालिकेची पाव भाजायची बेकरी होती, पहिल्या महायुद्धाच्या काळात शहराला पाव पुरवण्यासाठी बांधलेली. मोरांदीसाठी यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही.

तिथून चालत व्हिया फोंदात्सा ३६ ला जाता येतं. ते घर २००९ पासून लोकांसाठी खुलं आहे. खोलीतलं सामान मधल्या काळात संग्रहालयात हलवलं होतं, ते परत मूळ जागी आणून ठेवलंय. घर रोज उघडं नसतं, त्यामुळे वेळा आधी बघून घ्या. कॅनव्हास, बाटल्या, टेबल, पलंग, सगळं एका नजरेत मावतं.

एक दिवस जास्तीचा असेल तर ग्रित्झानाला जा. बोलोन्याहून प्रातोकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्या नावाचं स्टेशन आहे, गाव वर डोंगरात. १९८५ पासून गावाचं अधिकृत नावच ‘ग्रित्झाना मोरांदी’ झालंय. उतारवयात त्याने तिथे स्वतःचं साधंसं घर बांधलं, बहिणींनी ठेवलं तसंच ते अजून आहे. समोर कांपियारोची गवताची कोठारं दिसतात. त्याने ती कितीदा तरी रंगवली, आणि प्रत्यक्षात बघताना त्यांना खिडक्या आहेत हे बघून जरा दचकायला होतं.